एक हजार तीसवर अडलेली बिअर

अण्णा,

माझी बिअर गोड झाली. हे ऐकून तुम्ही आधी दचकाल. उभा जन्म साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत काढून थेंबाला न शिवलेला माणूस तुम्ही, आणि तुमची मुलगी नेपरव्हिलच्या घराच्या बेसमेंटमध्ये बिअर लावून बसली आहे. पण तुम्हाला सोडून हे सांगू कुणाला? इथल्या मैत्रिणी थंडीत विरजण लागत नाही म्हणून हळहळतात, त्यात माझं हे रडगाणं कुठे बसवू? दचकून झाल्यावर तुम्ही पहिलं काय विचाराल तेही मला ठाऊक आहे. रीडिंग किती? एक हजार तीस. साखर आंबून संपेल तसं ते एक हजार बाराच्या आसपास उतरायला हवं होतं, ते तीसवर अडलं ते अडलंच.

तुम्हाला जाऊन सात वर्षं झाली. त्याच्या आधीच्या वर्षापासून आत्ताआत्तापर्यंत मी नवऱ्याच्या व्हिसावर घरात होते. या व्हिसावर बायकोला नोकरी करता येत नाही. एम.एस्सी. केमिस्ट्री, आणि दिवसभराचं काम काय, तर पोळ्या लाटायच्या आणि दारातला बर्फ उपसायचा. कारखान्याच्या लॅबमध्ये माझ्यासाठी जागा होती तेव्हा तुम्हीच म्हणालात, "स्थळ चांगलं आहे, हातचं घालवू नये. तिकडे काय लॅब कमी आहेत?" लॅब भरपूर आहेत, अण्णा. पण मला तिथे शिरता येईल का, हे तुम्ही कुणाला विचारलं नव्हतंत, आणि त्याचा राग मला अजून येतो. इथे आल्यावर दुसऱ्याच महिन्यात तुम्ही फोनवर म्हणालात, "लागली का कुठे?" मी म्हटलं, "हो, एका ब्रूअरीच्या लॅबमध्ये." तुमच्या कामाच्या जवळचं म्हणून तेच तोंडाला आलं. मग दर रविवारी तुमच्या प्रश्नांची सरबत्ती. टाक्या केवढ्या? यीस्ट कोण सांभाळतं? मी आठवडाभर लायब्ररीत बसून पुस्तकं वाचायचे आणि रविवारी उत्तरं द्यायचे. वर्षभरात तुम्ही गेलात, ते माझी नोकरी गावभर सांगून.

यंदाच्या हिवाळ्यात वर्क परमिट हातात आलं. आमच्यापासून वीस मिनिटांवर एक छोटी ब्रूअरी आहे, तिथे लॅबसाठी माणूस हवा होता. मालक फोनवर म्हणाला, महिन्याभराने ये, येताना स्वतः केलेली एक बाटली आण. तुम्हाला सांगितलेलं खोटं खरं होण्याची ही एकच वेळ होती. मी कंबर कसली. तुमच्या मळीत साखर आयती असते, माल्टचं, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या सातूचं, तसं नाही. ते भरडून तासभर ठरावीक गरम पाण्यात ठेवलं की धान्यातली साखर सुटते. मी पातेलं अगदी बरोबर तापमानाला आणलं आणि मग माझ्यातली गृहिणी मधे आली. इथे आम्ही सगळ्याजणी दही ओव्हनमध्ये लावतो, आतला दिवा तेवढा चालू ठेवून. बाहेर बर्फ पडत होता, पातेलं निवेल म्हणून मीही ते ओव्हनमध्ये सरकवलं आणि वर ओव्हन अगदी मंद चालू केला. मंद म्हणजे किती, ते पाहिलं नाही. लहानपणी एका रविवारी तुमच्या टाकीला हात लावून मी म्हणाले होते, "कोमट आहे." तुम्ही सगळ्या कामगारांसमोर खेकसलात, "कोमट म्हणजे किती? आकडा सांग, नाहीतर गप्प बस." मी पुढचे दोन दिवस तुमच्याशी बोलले नव्हते.

गाळलेल्या पाण्यात यीस्ट घातलं, पण आंबणं तीसवरच थांबलं तेव्हा तुमचंच वाक्य धरून बसले: टाकी अडली की आधी यीस्टकडे बघायचं. नवं यीस्ट घातलं. भांडं ब्लँकेटात गुंडाळून घर तापवणाऱ्या फर्नेसजवळ ठेवलं. हलवलं. तीस. शेवटी पेलाभर बाजूला काढून त्यात मूठभर यीस्ट घातलं, दोन दिवस उबेत ठेवलं. तरी तीसच. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. यीस्ट धडधाकट होतं. ओव्हनच्या आचेने माल्ट जास्त तापलं आणि त्यातून सुटली ती यीस्टला न पचणारी साखर. नवऱ्याने एक घोट घेतला आणि म्हणाला, "अगं, हे सरबत झालंय यार! कॅन्सल कर ना तो इंटरव्ह्यू, परत कधीतरी अप्लाय कर." बिचारा समजूतच घालत होता. मी त्याच्या अंगावर ओरडले.

परत लावायला दिवस उरले नव्हते. तीच बाटली घेऊन गेले. मालकाने चाखली, म्हणाला, "प्रिटी स्वीट." मी कारण सांगितलं, पेल्यातला प्रयोग सांगितला. तो खुर्चीत पुढे सरकून ऐकायला लागला. हे सगळं एकटीने शोधलंस? मग यापूर्वी कुठे काम केलंस? अण्णा, उत्तर तयार होतं. टाक्या, यीस्ट, सगळं पाठ होतं. तुम्हाला वर्षभर सांगितलेलं त्याला सांगायला काय जात होतं? मी म्हटलं, "घरी." तो चांगला माणूस असावा. दारापर्यंत सोडायला आला. काल पत्र आलं, त्यांनी दुसऱ्या कुणाला तरी घेतलं. आठ वर्षं नोकरीबाहेर राहिलेल्या बाईला आता कोण घेणार? मला नाही वाटत कुणी घेईल.

हे कागद कुठे पाठवायचे नाहीत म्हणून एक सांगून टाकते. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून खोटं बोलले, असं मी आजवर स्वतःला सांगत आले. तसं नव्हतं. तुम्ही रविवारी विचारायचात म्हणून मी आठवडाभर त्या लॅबमध्ये असायचे. तुम्ही गेलात तेव्हा माझी ती नोकरीही गेली, आणि त्या दिवशी मी जे इतकं रडले, त्यातलं थोडं तिच्यासाठी होतं.