चाळ बांधणारी मुलगी

सर, तुम्हाला जाऊन वीसेक वर्षं होत आली, तरी तुमच्यावरचा माझा राग काही उतरलेला नाही. परवा काकूंनी तुमचं इस्लामपूरचं घर आवरताना तुमची ट्रेसिंग पेपरची एक गुंडाळी साताऱ्याला माझ्याकडे पाठवली. फोनवर म्हणाल्या, "तुजं नाव हाय कोपऱ्यात. मी ठिवून काय करू?" म्हणून हे लिहायला बसले.

नववीत होते मी, तुम्ही आमचे चित्रकलेचे सर. गॅदरिंगच्या नाचाची तालीम चाललीय आणि तुम्ही विंगेत स्टुलावर बसलाय, मांडीवर नाचणाऱ्या पोरी काढणाऱ्या फ्रान्समधल्या एका जुन्या चित्रकाराचं पुस्तक. तालीम संपली की मला जवळ बोलावून दाखवायचात. कुणी पाठ खाजवतेय, कुणी बुटाची फीत बांधतेय, एकीचं अर्धं अंग तर चौकटीनं कापूनच टाकलंय. "समोरनं समदेच बघत्यात. बाजूनं बघ," तुम्ही म्हणायचात. "नटून नाचणारी कुणीबी काढंल. हा गडी नाचून दमलेली काढतो." आणि मग मला वाकून पायात घुंगरांचे चाळ बांधायला लावायचात, तासन् तास, कंबर धरेपर्यंत. पुढे त्यावरून गॅदरिंगला लावायचं मोठं चित्र तुमच्या स्वयंपाकघरात झालं. खडूचा रंग कागदावर घासायचा, उकळत्या पाण्याच्या वाफेवर तो धरायचा आणि ओलसर झालेला रंग ब्रशनं सारखा करायचा; तुमचा तो चित्रकारही असंच करायचा म्हणे. काकू वैतागायच्या, "आवं, आदण च्याला ठेवलंय का चित्राला?" पातेलं मी धरायचे. हात पोळायचा, पण सांगत नव्हते. मेंढरांमागं फिरणाऱ्या घरातली मी, माझं कुणी चित्र काढेल हे माझ्या सात पिढ्यांना खरं वाटलं नसतं.

गॅदरिंगच्या दिवशी ते हॉलमध्ये लागलं. आई आटपाडीकडून दोन एसट्या बदलून आली होती, खास त्यासाठी. चित्रातली कंबर माझी, वाकणं माझं, चाळाची गाठसुद्धा माझीच, डावरी. चेहरा मात्र संस्थेच्या अध्यक्षांच्या मुलीचा, गोरा, गालांवर गुलाबी खडू. ती तर नाचातसुद्धा नव्हती. आई चित्राच्या अगदी जवळ गेली, म्हणाली, "पाय तुजंच हाईत गं. त्वांड कुणाचं हाय?" मी तिला तिथंच सोडलं. तुम्हाला गाठलं, तर तुम्ही चष्मा पुसत म्हणालात, "अगं, चित्रकार आकृत्या फिरवतोच. तोबी एकच पोरगी ट्रेस करून धा चित्रांत बसवायचा. धडावर त्वांड कुणाचंबी बसतं."

नंतर मी ते पुस्तक स्वतः विकत घेतलं, सर. तो आकृत्या फिरवायचा, उलट्या करायचा, हे खरं. पण पोरींची दमणूक त्यानं पुसली नाही. तुम्ही त्याची सगळी युक्ती उचललीत आणि ज्यासाठी ती होती तेच अध्यक्षांच्या पायाशी ठेवलंत. मी त्यानंतर ना नाचले, ना ब्रश हातात घेतला. तुम्ही फसवलंत मला, आणि वर त्याच्या नावावर खपवलंत.

परवा ती गुंडाळी ओट्यावर पसरली. सगळ्यात खालच्या कागदावर मी होते, चेहऱ्यासकट. फेंदारलेलं नाक, कपाळाला चिकटलेले केस, धापेनं उघडं राहिलेलं तोंड. म्हणजे तुम्हाला मी नीट दिसले होते. जशी होते तशी काढून, मग झाकून ठेवलंत तुम्ही मला.

हे पत्र त्याच गुंडाळीत घालून माळ्यावर टाकणार आहे. पण एक कबूल करते. तो चेहरा पाहिल्यावर माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं, ठाऊक आहे? आलं, की बरं झालं, हा हॉलमध्ये लावला नाही.