छपराखालच्या बाजारातील दोरांच्या गाळ्याविषयी

मी, बंदरालगतच्या छपराच्या बाजारातील दोरांच्या गाळ्याची मालकीण, आता गुडघ्यांच्या कृपेने निवृत्त, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर असताना लिहिते. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. आणू पाहणाऱ्याचा उल्लेख पुढे येईल.

१. राहती खोली आणि बँकेतील शिल्लक माझ्या भावाला. तरुणपणी तो हा धंदा माझ्या गळ्यात टाकून जहाजावर चढला. कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांनी मला पियानो आणि जेवणाच्या टेबलावर बसण्याची रीत शिकवली होती. दोन्हींचा दोर विकताना उपयोग झाला नाही.

२. भावाच्या मुलाला, म्हणजे माझ्या हुशार भाच्याला, दोर कापायची सुरी. ती चालवण्यातले कौशल्य त्याने दाखवलेच आहे. मी इस्पितळात असताना जहाजे बांधायचे अखंड दोर त्याने वीत-वीत कापले, फिती लावल्या आणि फोटो काढत हिंडणाऱ्यांना ‘बंदराची आठवण’ म्हणून विकले.

“अरे, याने काय बांधायचं?” मी विचारले.

“आत्या, हल्ली कोण काय बांधतंय? इथे कॉफीचं दुकान काढू. भिंतीवर तुझा फोटो लावू की.”

फोटो लावू नये.

३. गाळा शेजारच्या मासळीवालीला. तिचे घाण पाणी माझ्या दोरांखाली येते आणि आमच्यात भांडणापुरतेच बोलणे आहे. भाचा सुरी चालवत असताना तिने उरलेले एकुलते वेटोळे ओढून नेले आणि टोपल्यांखाली लपवले. परत देताना म्हणाली, “घे बाई. तुझ्यापेक्षा मी नीट सांभाळलं.” दोर वाचला; वास जन्मात जाणार नाही.

अट एकच. गिऱ्हाईक मागेल तेवढा दोर सलग द्यायचा आणि बाजाराच्या रिवाजाप्रमाणे आपलेच दोन्ही हात पसरून मोजायचा. माझे हात आखूड, म्हणून नावाडी कुरकुरत आणि मला वर थोडा फुकट सोडावा लागे. तिचे हात लांब आहेत. दर मापाला तिचे नुकसान होईल, याचे मला समाधान आहे.

ती नको म्हणेल. विनवू नये, किल्ली तिच्या टोपलीत टाकून निघून यावे.

४. ज्याला मिळायचे त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकील सांगतात. म्हणून शेजारीच बसलेली असूनही मासळीवालीला बोलावले नाही. सगळा बाजार बोलावला आणि आपल्यालाच वगळले, असे तिला आज वाटेल. वाटू द्यावे. खरे कळेल तेव्हा ती तणतणत येईल, आणि भांडायला मी नसेन.

साक्षीदार: समोरचा कुलूपवाला (सही); कोपऱ्यावरचा टोपल्या विणणारा (अंगठा)
ठिकाण: गाळ्यातच
तारीख: वकिलांच्या शिक्क्यात आहे ती
सही: दोरवाली