मोतिया शेरवानी

नेकनूर, श्रावण वद्य पंचमी, शके १८३४

प्रिय मुंजाजी,

तुझा लिफाफा परवा पोचला. आत दोन पत्रं होती, एक बायनावहिनीच्या नावाचं आन् एक माझ्या. तुझ्या बायकोला अक्षर येत न्हाई हे तुला ठाऊक, म्हणजे दोन्ही मीच वाचणार हेही तुला ठाऊक. वहिनी पदराखाली लिफाफा धरून दुकानाच्या फळीवर येऊन बसली, मी चष्मा पुसला आन् तुझं कौतुक माझ्याच तोंडानं मोठ्यानं सुरू केलं. शेजारचा शहादेव वाणी तराजू तसाच टाकून ऐकायला आला. तीनदा वाचायला लावलं मला.

खोटं कशाला बोलू, लई जळालो. तू लिहितोस की बोटीवर संध्याकाळी बिगुल वाजतो आन् अर्ध्या तासात अव्वल दर्जाचा एकूणएक माणूस खोलीत जाऊन कपडे बदलून येतो. साहेबांचे काळे कोट, आतल्या सदऱ्याची छाती खळीनं अशी ताठ की टिचकी मारली तर वाजावी. मडमांचे घोळदार झगे, कोपरापर्यंत हातमोजे, आन् खांदे मात्र उघडे. सकाळी आठनंतर कुणी झोपायच्या कपड्यात वर डेकवर दिसला तर बाकीचे तोंड फिरवतात. कुणी मोठ्यानं हसत न्हाई, कुणी कुणाला लांबून हाक मारत न्हाई, काट्याचमच्याचा आवाजसुद्धा दबकून होतो. आन् तू दाराच्या आडून हे सगळं बघतोस, कुणाच्या बाहीचा मुंढा खांद्यावर कसा बसलाय, कुणाच्या पाठीवर सुरकुती हाय. अरे बाबा, ते माझं बघणं होतं! मी इथं पोळ्यासाठी बैलांच्या झुली शिवतोय. काल माप घेताना रामकिसन पाटलाचा बैल माझ्या पायावर उभा राहिला, अंगठा अजून सुजलेला हाय.

फाल्गुनातला तो दिवस तुझ्या ध्यानात असंल. सुंदरराव देशमुखांनी डोळ्यांच्या इलाजासाठी विलायतेला जायचं नक्की केलं आन् बोटीच्या कंपनीचा छापील कागद घेऊन ते आपल्या दुकानात आले. तहसिलीतल्या कारकुनानं वाचून सांगितलं, की रातच्या खान्याला वेगळा पोशाख लागतो, त्याबिगर टेबलाजवळ फिरकू देत न्हाईत. तू खुदकन हसलास. आपल्याकडं माणूस जेवायला बसताना अंगरखा खुंटीला टांगतो आन् हे बाबा जेवायसाठी चढवतात! रावसाहेब म्हणाले, मग इंग्रजी कोट शिवा. तेव्हा कोण बोललं? मी बोललो. म्हणलं, रावसाहेब, उसन्या कोटात तुमी त्यांच्यातले सगळ्यात हलके दिसाल. गळ्यापर्यंत बटनांची शेरवानी, डोक्याला दस्तार, कमरेला बगलूसाचा पट्टा. जो पोशाख हैदराबादच्या दरबारात चालतो त्याला बोटीवर कोण अडवतंय? त्यांना ते पटलं. दोन काळ्या आन् एक मोतिया, तिन्ही शेरवान्या मी कापल्या आन् मीच जोडल्या. तू काजं केलीस, अस्तर लावलंस, इस्तरी फिरवलीस.

आन् बरोबर माणूस न्यायची वेळ आली तेव्हा रावसाहेब माझ्याकडं बघून काय म्हणाले? धुळाजी, तुझा हात सोन्याचा हाय, पण तुझं तोंड बोटीवर चालायचं न्हाई. बैठकीतले सगळे फिदीफिदी हसले. तू मान फिरवून हसलास, पण समोर मापाचा आरसा होता हे तुझ्या ध्यानात राहिलं न्हाई. वर त्यांनी जाहीर केलं की जो विलायतेत माझ्या पोशाखाची शान राखंल त्यालाच परत आल्यावर हैदराबादच्या देवडीत, म्हणजे तिथल्या आपल्या वाड्यात, कपड्यांचा कारभारी करीन. म्हणजे तुलाच. असल्या जागेपायी मी शिलाई शिकवणाऱ्या उस्तादाच्या घरी सहा वर्षं पाणी भरलं, तू तीनच. मी पान खातो, मोठ्यानं बोलतो, कुणी कापडाला नावं ठेवली तर भांडतो, हे सगळं खरं. पण कात्रीला तोंड नसतं बे. ती बोटीवर चालली असती.

तुझ्या पत्रातलं एकेक वाक्य माझ्या अंगात कुसळासारखं शिरलंय. तांबड्या समुद्रात इतका उकाडा, की गोरे साहेबही गळपट्टी सैल करायला बघत होते, पण बायकांसमोर कुणी केली न्हाई, आन् आपले रावसाहेब काळ्या शेरवानीत घामाचा थेंब न दाखवता बसले. सोंगं घ्यायच्या रातीला एका लठ्ठ साहेबाला राजा व्हायचं होतं, तर त्यानं तुला बोलावून स्वतःच्या डोक्याला पगडी बांधून घेतली आन् रातभर तुझी पाठ थोपटली. एका मडमेनं रावसाहेबांना विचारलं, ही शिलाई कुणाची? ते म्हणाले, माझ्या मुंजाजीची. हे वाचलं तेव्हा वहिनीनं कागद माझ्या हातातून घेतला, डोळ्यांना लावला आन् परत दिला. मला पुढं वाचणं भाग होतं. पुढं तू लिहिलं होतंस, की मी तिथल्या तिथं रावसाहेबांना म्हणलो, कापणं आन् जोडणं धुळाजीचं हाय, पण त्यांनी ते मडमेला सांगितलं न्हाई. तेवढं तू कावून लिहिलंस? तू गप बसला असतास तर मला राग धरायला जागा राहिली असती. तू तिथंही सरळच वागलास, आन् मी इथं त्याच्यानं आणखीच पेटलो. तुझ्या चांगुलपणाचा मला लहानपणापासून वैताग हाय.

गावची खबर म्हणशील तर पाऊस बरा हाय. तुझ्या आईचा खोकला थांबला. जातवाले कुरकुरतायत की समुद्र ओलांडला, आता प्रायश्चित्त घ्यावं लागंल, पण त्यांच्यातलेच दोघं माझ्याकडं येऊन हळूच विचारून गेले, की मडमांचे खांदे खरंच उघडे असतात का. मी सांगितलं, मला काय ठाऊक, मला कुणी नेलंय का?

आता एक सांगतो. तुझं पत्र वाचताना मी एकच गोष्ट हुडकत होतो. वहिनीच्या पत्रात न्हाई सापडली, म्हणून माझं पत्र घाईघाईनं फोडलं. मोतिया शेरवानीचं काय झालं? शेवटच्या पानावर सापडलं. तू लिहितोस, ती अजून पेटीतच हाय, घडीसुद्धा मोडली न्हाई. दसऱ्यानंतर परतीच्या बोटीवर कप्तानाच्या टेबलावर रावसाहेबांना मान मिळणार हाय, त्या रातीसाठी राखून ठेवलीय. त्या टेबलावर खाना झाला की सगळे उभे राहतात आन् बादशाहाच्या नावानं प्याला उचलतात. रावसाहेब पाण्याचा उचलतील, पण हात सगळ्यांच्या बरोबरीनं वर नेतील. हे वाचून आधी माझी निराशा झाली. देवाशपथ, निराशाच झाली. मग वहिनी उठता उठता म्हणाली, भावजी, मला तिकडची धास्ती वाटत होती, एवढ्या बड्या लोकांत ह्यांच्या हातून काही कमी पडलं तर? पण कपडे तुमच्या हातचे हायेत, म्हणून मी निवांत झोपते. आन् मी म्हणलो, झोपा वहिनी, काही कमी पडायचं न्हाई. तेव्हापासून दोन दिवस झाले, कात्री हातात धरवत न्हाई.

मुंजाजी, तू रेल्वेसाठी नगरला जायची बैलगाडी ठरवायला रामकिसन पाटलाच्या मळ्यावर गेलतास, त्या दुपारी मी मोतिया शेरवानीचं अस्तर उसवलं. उजव्या मुंढ्याची पक्की शिलाई काढली, तिथं कच्चा दोरा घातला आन् वरून अस्तर जसंच्या तसं लावलं, तुझ्याच टाक्यांची नक्कल करून. हात खाली असला तर कुणाला कळायचं न्हाई. हात वर गेला की बाही काखेतून सुटंल. सगळ्यांच्या देखत रावसाहेबांची शोभा व्हावी आन् खापर तुझ्यावर फुटावं, एवढंच मला पाहिजे होतं. मी दारू प्यालो नव्हतो, कुणी शिकवलं नव्हतं, रागाच्या झटक्यात केलं असंही न्हाई. दुपारभर बसून, टाके मोजून केलं. हे पत्र मिळंल त्याच दिवशी पेटी उघड. अस्तर उसव, मुंढा रेशमाच्या दुहेरी दोऱ्यानं शिव, दोऱ्याला मेण लावायचं विसरू नकोस, डावा मुंढाही बघून घे. तो मी सोडला होता, पण माझ्या शब्दावर जाऊ नकोस. देवडीची जागा तुझी, ती मिळाल्यावर मी पुन्हा जळणार हाय, ते मला थांबवता येत न्हाई. रावसाहेबांना सांगायचं की न्हाई ते तू ठरव. पण उत्तर मला वेगळं पाठवू नकोस. तुला मला जे काय बोलायचंय ते वहिनीच्या पत्रात लिही. ती फळीवर येऊन बसंल, शहादेव वाणीही येईल, आन् मी मोठ्यानं वाचून दाखवीन.

तू म्हणशील तर तुझाच,
धुळाजी