मर्यादित डब्याबद्दल माझं स्पष्ट मत

राजापेठ, अमरावती
४ फेब्रुवारी २०२५

प्रिय साडूभाऊ अनुपराव यांस,

सप्रेम जयभीम.

पत्र पाहून दचकू नका, कोणी गेलेलं नाही. तुम्ही, भावना आणि तुमची ती साखरेची गोळी अकोल्यात आपापल्या जागी वेळेवर असाल अशी आशा करतो. आमच्याकडे ज्योत्स्ना ठणठणीत आहे. तिच्या खालोखाल मी. फोनच केला असता, पण माझा फोन ज्योत्स्नाच्या हाती असतो आणि तुमचा भावनाच्या, आणि त्या दोघी सख्ख्या बहिणी आहेत, ही गोष्ट आपण लग्नाआधी पुरेशी मनावर घेतली नाही. म्हणून पाकीट आणि तिकीट. (टपाल कचेरीतल्या मुलीने तिकीट शोधायला दोन कप्पे उघडले.)

तर मुद्दा. गेल्या रविवारी जेवणाच्या पंगतीत तुम्ही माझ्या कानाशी येऊन विचारलंत, की नागपूरच्या दुकानातून तुम्हाला निरोप आला आहे, पाइपच्या तंबाखूचा मर्यादित डबा तुमच्या नावाने राखून ठेवला आहे, तर असा डबा घेण्यासारखा असतो का? तेव्हा मी वरणाकडे बोट दाखवून विषय बदलला, कारण समोर भावना वाढत होती. आता सविस्तर उत्तर देतो. घेण्यासारखा नसतो. मुळीच नसतो. तुम्ही बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर पाइप हाती धरला, त्याला वर्षही झालं नाही. तुमचा अजून काडेपेटीवर जास्त खर्च होतो. तुम्हाला रोजचा साधा डबा पुष्कळ आहे.

मर्यादित म्हणजे काय, ते आधी समजून घ्या. कारखाना तोच, पानंही बहुतेक तीच. ती जरा जास्त दिवस दाबून ठेवतात, डब्यावर दीपगृहाचं चित्र काढतात, खाली क्रमांक घालतात आणि सांगतात की यंदा एवढेच, पुन्हा होणार नाहीत. पुढच्या वर्षी पुन्हा होतात, फक्त दीपगृहाच्या जागी होडी असते. डब्याच्या पाठीवर लिहिलेलं असतं, की यात पिकलेल्या आलुबुखाराचा, जुन्या लाकडाचा आणि पावसात भिजलेल्या चामड्याचा गंध आहे. अनुपराव, आपण दोघांनी जिल्हा परिषदेच्या शाळेत पावसाळे काढले आहेत. भिजलेल्या चपलांचा वास घ्यायला जास्तीचे पैसे मोजायची आपल्याला काय गरज?

आता तुम्ही म्हणाल, मग तुम्ही का घेतला होता? घेतला होता, २०२१ साली. निवृत्तीला वर्ष झालं होतं आणि पाटबंधारे खात्याने दिलेलं भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं होतं, तेव्हा स्वतःला काहीतरी द्यावं असं वाटलं. डबा आला. आता त्यातली खुबी अशी, की असा डबा लगेच फोडायचा नसतो. जाणकार सांगतात की तो चार-पाच वर्षं तसाच ठेवावा, आत तंबाखू मुरते. ठेवायचा कुठे, तर कोरड्या जागी, जिथे तापमान वीसच्या वर जात नाही. हे वाचून मी मे महिन्यात राजापेठेतल्या घरभर थर्मामीटर घेऊन फिरलो. देवघर म्हणून ज्या खोलीला आधीचे घरमालक म्हणत आणि जिथे आता आमची पुस्तकं आहेत, तिथे अडतीस. पलंगाखाली सदतीस. फ्रिजमध्ये जागा होती, पण तिथे ज्योत्स्नाची सत्ता आहे, आणि कैरीच्या पन्ह्याला तंबाखूचा वास लागला असता तर मलाच घराबाहेर मुरावं लागलं असतं.

शेवटी डोक्यात आलं, की वऱ्हाडात उन्हाळ्यातली सर्वांत थंड जागा म्हणजे धान्याची कोठी. हात कोपरापर्यंत गव्हात घाला, कळेल. वलगावचं आपलं चार एकर मोतीरामकडे बटईने आहे, तिथल्या घरात कोठी आहे. मी एका सकाळी जाऊन डबा फडक्यात बांधला, गव्हात तळाशी पुरला, वर कडुनिंबाचा पाला पसरला आणि कोणाला काही न सांगता परत आलो. इतक्या समाधानाने मी कालव्याचं कामसुद्धा पूर्ण केलं नव्हतं.

तीन वर्षं थांबलो. मागच्या वर्षी आमच्या आचलला सरकारी नोकरी लागली, तेव्हा ठरवलं की आता फोडायचा. वलगावहून डबा आणला. एवढा मोठा प्रसंग एकट्याने साजरा करणं बरं नाही, म्हणून महादेवराव साहेबांना पातूरहून बोलावलं. (तुम्ही त्यांना भेटला नाहीत. ते माझे कार्यकारी अभियंता होते. पाइप मी त्यांच्याकडूनच शिकलो. कंत्राटदार बोलत असला की साहेब पाइप भरत, पाइप भरून होईपर्यंत कंत्राटदार आपणहून खरं बोलायला लागे.) साहेब ब्याऐंशी वर्षांचे, एसटीने आले. गच्चीवर दोन खुर्च्या टाकल्या. डबा उघडला तेव्हा झाकण जरा सहज निघालं. मी म्हटलं, मुरली आहे. आत बारीक, काळसर तंबाखू दिसली. मी म्हटलं, फारच मुरली आहे.

पहिला झुरका साहेबांना दिला. साहेबांचे डोळे भरून आले. मला वाटलं, जुने दिवस आठवले. मग मी ओढला आणि मला आलुबुखार, लाकूड, चामडं यांतलं काही न लागता थेट मिरचीच्या धुरीत उभं असल्यासारखं झालं. उचकी लागली ती दीड तास थांबली नाही. साहेब मात्र जुन्या शिस्तीतले. त्यांनी पाणी प्यायलं, चष्मा पुसला, डबा फिरवून त्यावरचा क्रमांक नीट वाचला आणि म्हणाले, “देवमन, हे लोक मर्यादितच काढतात ते बरं करतात.”

दुसऱ्या दिवशी वलगावला जाऊन मोतीरामला विचारलं. त्याने काही लपवलं नाही. उलट, तोच माझ्यावर रागावला होता. म्हणाला, “सायेब, तुमाले कोनं तरी फसवलं. गहू काहाडतानी डबा सापडला, तमाखू पायली, तं खराब झालेली. लय गोड लागून राहिली होती. मानसं सोंगनीले आली होती, साहीच्या साही जनाईनं मळून पायली, चुना लावला तरी झटकाच नाही. मंग वाया कायले जाऊ द्याची, म्हनून संपवली आन् तुमचा डबा रिकामा दिसू नये म्हनून म्या त्यात आपली चांगली कडक भरून देल्ली.” त्याने स्वतःच्या खिशातली तंबाखू घातली होती, तीही चांगली डबाभर. मी त्याचे आभार मानले आणि चहा पिऊन परतलो.

म्हणजे हिशेब असा, की तो डबा वलगावच्या सहा माणसांनी चाखला, साहेबांनी चाखल्यासारखं केलं आणि मी तेवढा राहिलो. हे मला लागलं, अनुपराव. लहान गोष्ट आहे, पण लागलं. चाळीस वर्षं साधी तंबाखू ओढली, एक चांगली घेतली, तर ती कशी असते ते मला मोतीरामकडून कळावं!

आता तब्येतीचंही सांगून टाकतो, नाही तर तुम्हाला भावनाकडून वाढवून कळेल. जिना चढताना छातीत आवळल्यासारखं होतं. डॉक्टरांनी चौदा तारखेला, शुक्रवारी, अँजिओग्राफी ठेवली आहे. त्यांनी विचारलं, तंबाखू? मी म्हटलं, कधीमधी. त्यांनी ज्योत्स्नाकडे पाहिलं आणि कागदावर “रोज” असं लिहिलं. शुक्रवारनंतर ते काय सांगणार हे मला आजच ठाऊक आहे, आणि मी ते ऐकणारही आहे. आचलचं लग्न पाहायचं आहे मला. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. थोडी भीती वाटते, इतकंच.

तेव्हा या सगळ्या अनुभवावरून सांगतो, मर्यादित डब्याच्या नादी लागू नका. भावनाला आशीर्वाद.

तुमचा,
देवमन

ता. क. तरीही निरोप आला आहे तर डबा नाकारू नका. त्या दुकानात एका माणसाला एकच मिळतो आणि नव्या गिऱ्हाइकाला आधी देतात. माझा क्रमांक यादीत लागला नाही.

ता. क. २. तुमचं नाव, पत्ता आणि फोन नंबर दुकानात मीच दिला होता. विचारायला हवं होतं, चुकलं. पैसे भरले आहेत. डबा सोमवारी तुमच्या घरी येईल, भावनाला औषध म्हणून सांगा. बुधवारी घेऊन या. फोडू नका, हुंगू नका. वर जे काही लिहिलं ते तुम्हाला त्याची गोडी लागू नये म्हणून. मला एकदाच ओढायचा आहे, शुक्रवारच्या आत.

अनुपराव, मी ज्योत्स्ना. हे तपासणीला रक्त द्यायला गेले आहेत आणि पाकीट उघडंच ठेवून गेले, म्हणून वाचलं. आता मीच चिकटवून टाकते. भावनाला औषध वगैरे सांगू नका, मी तिला आत्ताच फोन केला. बुधवारी दोघंही या, पातोडीचा रस्सा करते. डबा आणा. एकच पाइप, माझ्यासमोर, आणि गच्चीवर नाही, घरात. गुरुवारपासून पाइप कपाटात आणि किल्ली माझ्याकडे. आणि एक, हे त्यांना कळू देऊ नका. इतकी वर्षं ते गच्चीवर ओढत असताना मी जिन्यात, धुराचा वास येतो तिथे, बसून भाजी निवडते. तिथे उजेड चांगला असतो, असं मी त्यांना सांगितलेलं आहे. विचारलं तर तुम्हीही तेच सांगा.