मेरीला शिकवू नकोस

राजिवडा, रत्नागिरी
३० नोव्हेंबर २००३

प्रिय फहादभाई,

अस्सलामु अलैकुम. ईद मुबारक, जरा शिळीच. ईदला पुण्याहून आले ती अजून इथेच आहे. अब्बांचा गुडघा कुरकुरतोय, पण बंदरावर जाऊन सुरमईच्या भावावरून हुज्जत घालणं काही सुटत नाही. चाचीने लेकाच्या बढतीची सांदणं करून अख्ख्या मोहल्ल्यात वाटली. माझ्या हातात दोन ठेवून म्हणाली, "अगो, फहादला आता मोठा सायब करनार हायत. तुझ्या नोकरीला पन त्याचीच दुआ लागलीय. खा!"

मी खाल्ली. दोन्ही संपवली.

तू अमेरिकेत नवं घर बघितलंयस, डिसेंबरअखेर सही करणार आणि चाचीला तिकडे नेणार, हेही तिनेच सांगितलं. तिने कपाटातल्या साड्या बाहेर काढल्यात. मला म्हणते, बर्फात कुठली नेसू? मी हसले. दुसरं काय करणार?

फोनवर बोलावं तर इथे सगळे कान लावून बसतात, आणि मेल ऑफिसात वाचल्या जातात. म्हणून हे कुरियरने पाठवतेय. फहादभाई, घराच्या कागदांवर सही करू नकोस. तुझ्या साहेबाने तुला सांगितलंय की पुण्याच्या टीमला काम शिकव, मग तुला वर घेतो. आमच्या मीटिंगमध्ये वेगळंच सांगितलं. शिकवणं संपलं की फेब्रुवारीत तुझी खुर्ची रिकामी होणार.

"आमच्या" लिहून गेले. आता लपवण्यात अर्थ नाही. ती पुण्याची टीम आमचीच. आम्हाला गोऱ्यांना जमतील अशी नावं दिलीत. दर गुरुवारी तू ज्या मेरीच्या प्रश्नांना पानंपानं उत्तरं लिहितोस, ती मी. गुरुवारच्या फोनवर आमचा लीडर बोलतो, मी गप्प बसून टिपून घेते. पहिल्या मेलवर तुझं नाव वाचलं तेव्हाच सांगायला हवं होतं. पण नोकरी नवी होती, आणि खरं सांगू, काम जमत होतं याचा आनंदही होता. लाज वाटते रे. तू लिहितोस, "मेरी, बिनधास्त विचार, आईच्या पोटातून कोणी शिकून येत नाही." कॉलेजात असताना मला कॉम्प्युटर शिकवताना हेच म्हणायचास. महिनाअखेरीस हॉस्पिटलची बिलं अडकली की तू जी युक्ती करतोस, ती न मागता दिलीस. लीडर खूश झाला. म्हणाला, हा तर सगळंच देतोय. सगळे हसले, त्यात मीही होते.

आता धाकटेपण विसरून बोलते, राग येऊ दे. तो जुना बिलांचा प्रोग्राम कवटाळून बसू नकोस, तोच इकडे येतोय. नवं वेबचं काम शीक. "ते पोरांचं काम" म्हणून दोन वर्षं टाळलंस. आणि हॉस्पिटलात बिलं करणाऱ्या बायका कुठलं बिल का अडवून ठेवतात, हे फक्त तुला ठाऊक आहे, कारण त्यांच्यात जाऊन बसणारा तू एकटा. ते आमच्या टिपणांत कुठे येतं? त्यांनी तुला काढायच्या आधी तूच साहेबाकडे जा आणि त्या बायकांत बसून अडलेली बिलं सोडवायचं काम माग. देईल की नाही, अल्ला जाणे. पण निदान मान खाली घालून निघायची पाळी येणार नाही.

चाचीला मी काही बोलले नाही. ते तूच सांग. माझ्याने होत नाही.

पत्र पोचेल त्याच्या पुढच्या गुरुवारी लीडर "हॅलो" म्हणायच्या आत मी बोलणार आहे. सगळ्यांसमोर, आपल्या बोलीत, तुला सलाम करणार आहे. मग माझी नोकरी राहो न राहो. तू उत्तर दिलं नाहीस तरी मी समजून घेईन.

तुझी काम शिकलेली, तुझंच काम घेतलेली बहीण,
महरीन