हिरव्या दोऱ्याचे टाके

थॉर्नफेन, २० जानेवारी १५७३

प्रिय अर्सुलाताई,

तुझी दाढदुखी थांबली का? लवंग धर, आणि सुजलेला गाल घेऊन राणीसाहेबांसमोर उभी राहू नकोस. भावजींना नमस्कार सांग.

इकडे सगळं ठीक. दलदल गोठलीय, चर्चची वाट बंद आहे. पंधरा दिवस म्हाताऱ्या अ‍ॅग्नेसशिवाय माणसाचं तोंड पाहिलं नव्हतं, आणि ती ठार बहिरी. मी बोलते, ती मान डोलावते, दोघी खूश.

चार दिवसांपूर्वी तुझा गाडीवान रॉजर आला, नव्या वर्षाची माझी भेट, झग्याला वरून बांधायच्या त्या बाह्या, परत घेऊन. ‘राणीसाहेबांनी बाह्या स्वीकारल्या नाहीत, धीर धर,’ असं तू लिहिलंस. बरं. अकरा वर्षं दुसरं काय करतेय?

राणीसाहेबांना न विचारता एडमंडशी लग्न केलं, त्याची शिक्षा भोगली. तो कैदेत तापाने गेला, मला इथे धाडलं आणि माझी दोन वर्षांची ब्रिजिट तुझ्या ओटीत आली. हे तुला नव्याने सांगायला नको. पण राणीसाहेबांनी भेट ठेवून घेतली म्हणजे राग गेला, ही तिथली रीत. राग गेला असता तर मला लंडनला येता आलं असतं, पोरीला डोळे भरून पाहता आलं असतं. म्हणून तर आठ महिने डोळे फोडून त्या बाह्यांवर स्ट्रॉबेरीची फुलं भरली.

रॉजर शेगडीशी बसून सूप प्यायला. म्हणाला, “धाकट्या बाईसाहेब आणि त्यांच्या आई, दोघी खुशाल आहेत.” आई म्हणजे तू, हे कळायला मला एक क्षण लागला. बिचाऱ्याला काय माहीत! तो आणखी बोलेल म्हणून मी त्याला दुसऱ्यांदा सूप वाढलं.

ताई, आता सांगूनच टाकते. गाठोडं शिवताना माझा पांढरा दोरा संपला होता. शेवटचे सात टाके हिरव्या दोऱ्याने घातले. ते सातही जसेच्या तसे परत आलेत. नाकारायची भेटसुद्धा आधी राणीसाहेबांसमोर उघडतात. चार वर्षं त्याच दालनात उभी राहून मी ते पाहिलंय. खोटं बोलायलाही सवय लागते गं, तुला ती कधीच नव्हती.

तू गाठोडं पुढे केलंच नाहीस. दोन दिवस तुझ्या नावाने बोटं मोडली. अ‍ॅग्नेसने त्यालाही मान डोलावली.

मग रॉजरचं बोलणं आठवलं. या वसंतात ब्रिजिटला राणीसाहेबांच्या सेवेत घ्यायचं ठरतंय, असं तो म्हणाला होता. अशा वेळी माझं नाव तिथे निघालं, तर ही पोर कुणाची ते त्यांना आठवेल. मग तिलाही दार बंद. तुझ्या जागी मी असते तर गाठोडं पलंगाखाली सरकवलं असतं. तरी मला खरं कळवायचं होतंस. मी रडले असते, पण ऐकलं असतं.

आता मी भेट पाठवणार नाही. माझं नावही काढू नकोस.

फक्त एक कर. या बाह्या राणीसाहेबांच्या मापाच्या आहेत, त्या कापून मी ब्रिजिटला बेतेन. दरबारात पहिल्या दिवशी तिने त्याच बांधाव्यात. पण पोरीचा हात केवढा झालाय, मला ठाऊक नाही. खांद्यापासून मनगटापर्यंत एक दोरा धर, गाठ मार आणि रॉजरबरोबर पाठव. जमलं तर तिलाच गाठ मारायला सांग.

कुणी शिवल्या असं तिने विचारलं, तर गावाकडच्या मावशीने म्हण. माय मरो पण मावशी जगो, म्हणतात ना.

दोऱ्याची वाट पाहते.

तुझी धाकटी बहीण
आणि ब्रिजिटची मावशी,
सिबिल