बहिणीच्या फी-सवलतीसाठी हयातीतच उघडलेले मृत्युपत्र

मी, खाली सही करणार, वय वर्षे तेवीस, धंदा लिफ्ट-दुरुस्ती, शिक्षण पदवीचे दुसरे वर्ष अर्ध्यावर सोडलेले, हा दस्त स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर आहे. ते लवकर तापते ही गोष्ट वेगळी. आज सकाळपासून तापलेले नाही, याला आई साक्ष देईल. कोणी धाक घातलेला नाही, कोणी फूस लावलेली नाही आणि मी काहीही प्यायलेलो नाही, चहा सोडून.

कारण असे की, येत्या सोमवारपासून मला अडतीस मजल्यांच्या नव्या इमारतीत लिफ्ट बसवण्याच्या कामावर पाठवले जात आहे. कंपनीने सगळ्यांकडून वारसाचा फॉर्म भरून घेतला. माझा फॉर्म पाहून सुपरवायझर म्हणाले, "अरे बाबा, वारसाचं नाव विचारलंय. तू पाठीमागच्या कोऱ्या बाजूलाही लिहिलंस? नाव लिही, चरित्र नको." म्हणून तिथे फक्त नाव लिहिले. उरलेले इथे लिहितो.

कलम १. स्थावर मालमत्ता. मला नाही. राहते घर भाड्याचे, बाबांचे दुकान भाड्याचे. दुकानावर एक पोटमाळा आहे, त्यात ताठ उभे राहता येत नाही. त्याचा उल्लेख पुढे येणार आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो की तो पोटमाळाच आहे.

कलम २. अवजारे. पान्यांचा संच, टेस्टर, हेल्मेटवरची बॅटरी आणि चामडी हातमोजे माझ्या कामावरच्या जोडीदाराला द्यावेत. त्याच्याशी माझी दोनदा मारामारी झाली. दोन्ही वेळा चूक माझी होती, पण दुसऱ्या वेळी त्याने मला 'कॉलेजवाला' म्हटले होते, हे नमूद करून ठेवतो. बारा नंबरचा पाना त्याचाच आहे. मी तो ढापलेला आहे.

कलम ३. बचत. बँकेतील सर्व रक्कम माझ्या धाकट्या बहिणीला, तिच्या कॉलेजच्या फीसाठी आणि फक्त फीसाठी. तिने त्यातून आईला साडी, बाबांना चष्मा वगैरे मोठेपणा करू नये. या रकमेत पहिले सत्र पूर्ण भागते आणि दुसरे अर्धे. तीन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. म्हणून फी-सवलत मिळाल्याशिवाय ती शिकू शकत नाही, आणि ती सवलत आज माझ्यामुळे अडली आहे. कसे ते कलम पाचमध्ये.

कलम ४. जुने राग. कॉलेजचे खजिनदार यांच्यावरचा माझा राग मी बिनशर्त मागे घेतो. त्यांच्या टेबलावरची काच मी मूठ आपटून फोडली होती. तिचे पैसे मी गेल्या वर्षी निनावी पाकिटातून पाठवले. पाकीट मिळाले असेल तर ते माझे होते. बाकी, शारीरिक शिक्षणाच्या सरांवरचा राग मात्र तसाच राहू द्यावा.

कलम ५. खरी हकीकत. हे कलम लिहायला मला दोन दिवस लागले आहेत.

कॉलेज लहान आहे. दोन इमारती, एक सूचना फलक, तीनशे मुले. कोणाला सर्दी झाली तरी सगळ्यांना कळते. फी मोठी आहे, पण गरज असेल त्याला सवलत मिळते आणि सवलत मिळालेल्याने रोज दोन तास कॉलेजचे काम करायचे असते. कोणी वाचनालयात पुस्तके लावतो, कोणी प्रयोगशाळेत काचा धुतो. एक मुलगी खिडकी क्रमांक दोनवर बसायची. सवलतीचे अर्ज घ्यायचे, वाचायचे, अपुरे असतील तर परत द्यायचे, हे तिचे काम. म्हणजे ती स्वतः सवलतीवर शिकत होती. हे मला माहीत होते. हे माहीत असूनही मी जे केले ते केले.

पहिले वर्ष बाबांनी कर्ज काढून भरले होते. दुसऱ्या वर्षी अर्ज करणे भागच होते. त्याआधी मी त्या खिडकीवर नाही नाही त्या शंका विचारायला सतरा वेळा गेलो होतो. अर्ज निळ्या शाईने भरायचा की काळ्या? फोटो हसरा चालेल का? ती एकदा म्हणाली, "तुमच्या सगळ्या शंकांची उत्तरं फॉर्मच्या मागे छापलीत. फॉर्म उलटा करता येतो ना?" मागची मुले खिदळली. मला तीन दिवस तेच ऐकू येत होते आणि खोटे कशाला बोलू, छान वाटत होते.

मग अर्ज भरायला बसलो आणि लक्षात आले की हा अर्ज ती वाचणार आहे. प्रत्येक रकाना. 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यात माझ्या हाताने 'सायकल दुरुस्ती' लिहवेना. मी लिहिले, 'वाहन उद्योग'. आई बालवाडीत मुलांची नाके पुसते आणि वर्ग झाडते. तिथे लिहिले, 'शिक्षण क्षेत्र'. अर्ज दिला. दुसऱ्या दिवशी परत आला. वर पेन्सिलने तिच्या अक्षरात: 'पुन्हा नीट वाचून भरा.'

शहाण्या माणसाने यातून काय ते समजून घेतले असते. मला वाटले, एवढ्याने तिच्यावर छाप पडलेली नाही. म्हणून मी 'दुकान' खोडून 'दुमजली आस्थापना' लिहिले, 'कर्मचारी: चार' लिहिले (बाबा, आई, बहीण, मी), आणि उत्पन्नाच्या आकड्यापुढे एक शून्य वाढवले. अर्ज पुन्हा परत आला. पुन्हा पेन्सिल. 'कृपया खरोखर वाचा.' मी तो तसाच तिच्यासमोर ठेवला आणि म्हणालो, "सगळं बरोबर आहे." तिने माझ्याकडे पाहिले. मग शिक्का मारला.

पंधरा दिवसांनी निकाल लागला. कुटुंब सक्षम असल्याने अर्ज नामंजूर. सवलत मागायला गेलेला मी स्वतःच्या हाताने श्रीमंत होऊन आलो होतो. तरीही मी खजिनदारांकडे जाऊन आरडाओरडा केला, काच फोडली आणि त्याच पावली कॉलेज सोडले. घरी सांगितले की तिथे वशिला लागतो. बाबांनी विश्वास ठेवला. तीन वर्षे पंक्चर काढायला येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ते त्या कॉलेजची गाऱ्हाणी सांगत आहेत, आणि मी शेजारी उभा राहून पंप मारत आहे.

आता बहिणीला त्याच कॉलेजात प्रयोगशाळा तंत्रज्ञानाला प्रवेश मिळाला, स्वतःच्या गुणांवर. तो अभ्यासक्रम दुसरीकडे नाही. तिने अर्ज भरला, खरा. मागच्या शनिवारी पत्र आले: 'आपल्या भावाच्या पूर्वीच्या अर्जातील माहितीशी मोठी तफावत. गुरुवारच्या समितीपूर्वी लेखी खुलासा, कुटुंबप्रमुखाच्या सहीसह.' बाबांनी ते पत्र टायरवर आपटले. "बघा! पोराला छळलं, आता पोरीच्या मागे लागलेत!" बहीण माझ्याकडे बघत राहिली. तिला आकडे लवकर कळतात.

म्हणून मी शुद्धीवर असताना जाहीर करतो की माझ्या अर्जातील उत्पन्न, उद्योग, मजले व कर्मचारी खोटे होते आणि माझ्या बहिणीच्या अर्जातील प्रत्येक शब्द खरा आहे. माणूस अर्जात खोटे लिहितो. मृत्युपत्रात लिहीत नाही, अशी समितीने समजूत करून घ्यावी.

कलम ६. खिडकी क्रमांक दोनवर जी तेव्हा बसायची आणि आता शिक्षण पूर्ण करून त्याच कार्यालयात पगारावर बसते, तिला माझ्या लोखंडी पेटीतले बंद पाकीट द्यावे. आत चार पाने आहेत. पहिली दोन वाचू नयेत, ती वाईट आहेत. तिसऱ्यापासून वाचावे.

येथपर्यंत लिहून मी मंगळवारी दुपारी टंकलेखक काकांकडे गेलो. ते कॉलेजच्या फाटकासमोर टेबल टाकून मुलांचे अर्ज आणि प्रतिज्ञापत्रे टाईप करून देतात. त्यांनी चष्मा वर करून सगळे वाचले.

"छान आहे," म्हणाले. "समिती कधी?"

"गुरुवारी."

"आणि तू कधी मरणार आहेस?"

"म्हणजे?"

"अरे, मृत्युपत्र मेल्यावर उघडतात! परवाच्या समितीपुढे हे जायचं तर तुला उद्यापर्यंत घाई करावी लागेल."

मी कपाळावर हात मारला. दोन दिवस खपून मी बहिणीची फी अशा ठिकाणी ठेवली होती, जिथे ती मी मेल्याशिवाय कोणाच्या हाती लागणार नव्हती. काका म्हणाले, "साधा एक पानी खुलासा का लिहीत नाहीस?" मी खरे ते सांगितले. साधा खुलासा जिवंतपणी द्यावा लागतो, आणि तो बाबा वाचतात आणि खिडकीवरची ती वाचते. काका म्हणाले, "मग आता हेच दे. नक्कल नको, असंच. जिवंत माणसाला स्वतःचं मृत्युपत्र दाखवायला बंदी नाही."

कलम ७. (पुरवणी.) त्यानुसार हा दस्त मी माझ्या हयातीत दोन ठिकाणी उघडला. त्याची हकीकत नोंदवतो.

पहिले ठिकाण, दुकान. आज बुधवारी सकाळी बाबा वाकड्या चाकाचा आउट काढत होते. मी कागद पुढे केले. त्यांनी हात पुसले आणि उभ्यानेच वाचले. बराच वेळ लागला. मग मान वर करून पोटमाळ्याकडे पाहिले.

"दुमजली?"

मी मान हलवली.

"मालकाला कळलं असतं तर भाडं दुप्पट केलं असतं त्यानं." मग त्यांचे हसू गेले. "दुकानाची लाज वाटली तुला?"

"लाज नाही बाबा. ती वाचणार होती."

"कोण ती?"

"कलम सहा."

त्यांनी पान उलटले, कलम सहा वाचले, आणि पुन्हा कलम पाच. "तीन वर्षं मी त्या लोकांना नावं ठेवतोय. आता कुणाकुणाला सांगत फिरू, की माझंच पोर असं निघालं?" त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरे झाले असते. मला भांडता येते. ऐकून घेता येत नाही. मी म्हणालो, "मी सांगतो सगळ्यांना. दुकानात उभा राहून, पंप मारता मारता." बहीण दारात उभी होती. म्हणाली, "दादा, ते नंतर. बाबा, आधी सही करा, आज बुधवार आहे." बाबांनी माझ्याच पेनने कलम पाचखाली सही केली आणि सहीखाली आपणहून लिहिले: 'व्यवसाय सायकल दुरुस्ती. मजला एक.' ते अक्षर माझ्या अक्षरापेक्षा चांगले आहे, हे पाहणाऱ्याच्या लक्षात येईल.

दुसरे ठिकाण, खिडकी क्रमांक दोन. बहीण आणि मी गेलो. टंकलेखक काकाही टेबल झाकून मागोमाग आले. म्हणाले, "इतक्या वर्षांत असलं काही वाचलं नव्हतं. पुढचं बघायचंय."

खिडकीतली ती सगळे वाचत होती तेवढा वेळ मी खिडकीवरची सूचना वाचली. सुट्टे पैसे द्यावेत, रांगेत यावे. शेवटी ती म्हणाली, "तुझ्या बाबांनी तुझ्या अर्जाच्या आधी दोनदा माझ्या सायकलचं पंक्चर काढलं होतं. फळीवर तुझा कॉलेजच्या गणवेशातला फोटो लावलेला होता. मला पहिल्याच दिवशी माहीत होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"दोनदा लिहून दिलं. तू शून्य वाढवून आणलंस. शिक्का मारायला नको होता मी तिसऱ्यांदा. ते मलाही तीन वर्षं टोचतंय." मग तिने बहिणीकडे पाहिले. "तुझा अर्ज पहिल्यांदाच बरोबर आहे. उद्या समितीत मी स्वतः मांडते. तुझ्यासारख्यांसाठीच आहे ती सवलत. रोज दोन तास काम करावं लागेल हं."

"प्रयोगशाळेत चालेल?" बहिणीने विचारले.

"काचा धुवाव्या लागतील."

"चालेल. दादासारख्या फोडणार नाही."

कलम पाचवर 'मिळाले'चा शिक्का बसला. एवढ्यात काकांनी आठवण करून दिली की मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. एक ते स्वतः, दुसरा कोण? मी तिच्याकडे पाहिले. काका म्हणाले, "ती चालायची नाही. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नसतं. कलम सहामध्ये तिच्या नावे पाकीट आहे."

ती म्हणाली, "मग ते कलम काढा. मेलेल्या माणसाकडून मला काही नको." आणि माझ्याकडे वळून, "काय बोलायचंय ते जिवंतपणी बोल. खिडकी पाचला बंद होते."

कलम ८. सबब कलम सहा रद्द. त्यातील मजकूर, पहिली दोन पाने वगळून, आज पाच वाजता समक्ष आणि तोंडी सांगण्यात येईल. बाकी सर्व कलमे कायम.

सही: (लिहून देणार)

साक्षीदार एक: टंकलेखक, कॉलेजच्या फाटकासमोर. 'लिहून देणाऱ्याने माझ्यासमोर सही केली. लक्ष कागदापेक्षा घड्याळावर होते. उंचीचे काम करणाऱ्याने जपावे.'

साक्षीदार दोन: कारकून, फी-सवलत विभाग. 'पूर्ण वाचले. या खेपेस दुरुस्ती नाही.'

ठिकाण: खिडकी क्रमांक दोनसमोरचा बाक
दिनांक: अकरा जून, बुधवार, चार वाजून बावन्न मिनिटे